पुरेल एवढा उजेड

मे महिन्यात आमच्या शहरात लोक एकमेकांकडे बघतात ते कपाळावर हात आडवा धरून. सकाळचे नऊ वाजले की गुलमंडीपासून सिडकोपर्यंत सगळ्यांची नजर बारीक होते. बायका स्कार्फ असा गुंडाळतात की ओळख पटवायला फक्त गॉगल उरतो. माणसं पांढरा रुमाल डोक्यावरून घेऊन कानामागे खोचतात. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही ते डोळे किलकिले करून, एक गाल वर ओढून, अर्धवट हसल्यासारखा चेहरा करून चालतात. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी मला सांगितलं होतं की छत्रपती संभाजीनगरची माणसं फार हसतमुख. मी हो म्हटलं. मे महिन्यात कुणाशी वाद घालायचा?

हा चेहरा मला आवडतो. त्यात एक हिशेब आहे. डोळ्याची बाहुली अंधारात आठ मिलिमीटरपर्यंत उघडते आणि कडक उन्हात दोनपर्यंत आवळते, म्हणजे आत येणारा उजेड ती फार तर सोळा पटींनी कमी-जास्त करू शकते. मराठवाड्यातल्या दुपारला तेवढं पुरत नाही. मग पापण्या मदतीला येतात, मग भुवया, मग तळहात. उजेडाशी कुणाचं वैर नसतं. तो पुरेल एवढाच यावा, इतकंच म्हणणं असतं.

कॅमेऱ्याला पापणी नाही. भिंगाचं तोंड लहानमोठं करता येतं, पडद्याचा वेग वाढवता येतो, पण या दोन्ही गोष्टींची किंमत चित्रात मोजावी लागते. तोंड लहान केलं की पुढचं-मागचं सगळं सारखंच लख्ख होऊन बसतं. वेग वाढवला की हलणारी प्रत्येक गोष्ट जागच्या जागी थिजते. यातलं काहीही न बदलता नुसता उजेड कमी करता आला तर? कॅमेऱ्याची पापणी मी पहिल्यांदा पाहिली ती एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे. दौलताबादच्या रस्त्याला, मागे किल्ला दिसेल अशा एका शेतात प्री-वेडिंग चाललं होतं. वधूचा घेरदार लाल घागरा, वराच्या कानामागून ओघळणारा घाम, आणि वेळ दुपारी बाराची, कारण मेकअपवालीला यायला उशीर झालेला. मी बांधावरच्या लिंबाखाली बसून बघत होतो. त्या पोरानं भिंगाच्या तोंडाशी बसवलेली एक काळसर काच दोन बोटांनी फिरवली आणि मला मागचा स्क्रीन दाखवला. कड जसजशी फिरत होती, तसतशी दुपार उतरत होती. आभाळाला रंग आला. घागऱ्याच्या चुण्या दिसायला लागल्या. मागे देवगिरीचा तासलेला कडा आणि त्याच्या पायथ्याचा चांदमिनार उमटला. ऊन मात्र होतं तिथंच होतं, वराच्या टाळूवर.

"एनडी आहे सर. व्हेरिएबल," तो म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला.

त्याचं गणित साधं. सेकंदाला पंचवीस चित्रं घ्यायची तर प्रत्येक चित्राला सेकंदाचा पन्नासावा भाग मिळावा, म्हणजे चालणं चालण्यासारखं दिसतं. त्याहून झटपट घेतलं तर माणसं अडखळत चालल्यासारखी दिसतात. शिवाय मागचं शेत विरघळून जावं म्हणून भिंग एफ 2.8 वर उघडलेलं. आता, भर उन्हात आयएसओ 100 ला एफ 16 वर सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो, हा फिल्मच्या काळापासूनचा ठोकताळा. एफ 2.8 ला तोच भाग तीन हजाराव्याच्या पलीकडे जातो. तिथून पन्नासाव्यावर यायचं म्हणजे चौसष्ट भाग उजेडातला एकच आत घ्यायचा आणि त्रेसष्ट दारातूनच परत पाठवायचे. त्या पोरानं हे कागदावर कधी मांडलं नसेल. त्याच्या बोटांना ते येत होतं. ढग आला की काच इकडे, ढग गेला की तिकडे, आणि तोंडानं वराला सूचना, "दादा, वहिनींकडे बघा, कॅमेऱ्याकडे नको."

पुढे मीही अशी एक काच घेतली. मी लग्नं काढत नाही, व्हिडिओही काढत नाही. मला त्या फिरण्याचीच ओढ लागली होती.

काळ्या काचेशी ओळख मात्र त्याआधीची. 24 ऑक्टोबर 1995 ला, ऐन दिवाळीत, सूर्यग्रहण होतं. खग्रास पट्टा वर राजस्थानातून बंगालकडे गेला. तेव्हाच्या औरंगाबादेत ते खंडग्रासच दिसलं. पण शाळेला सुट्टी, फराळाचे डबे भरलेले आणि गल्लीतली सगळी पोरं गच्चीवर. घरात आजीनं पाण्याच्या हंड्यांत तुळशीची पानं टाकून ठेवली होती आणि वेध सुटेपर्यंत कुणी काही तोंडात घालायचं नाही असं बजावलं होतं. गच्चीवर मात्र निराळं शास्त्र चाललं होतं. कुणाकडे कुणाच्या तरी मोडलेल्या हाडाचा एक्स-रे, कुणाकडे धुतलेल्या फिल्मचं काळं टोक. आमच्याकडे खिडकीच्या फुटक्या तावदानाचा तुकडा होता, चिमणीच्या ज्योतीवर धरून काजळी चढवलेला. काजळी काही सगळीकडे सारखी बसत नाही. एका कडेला दाट, दुसरीकडे विरळ. काच डोळ्यासमोरून सरकवत सरकवत न्यायची आणि जिथं सूर्याची खाल्लेली कड स्वच्छ दिसेल तिथं थांबायचं. (लहान मुलं वाचत असतील तर सांगून ठेवतो: काजळी, एक्स-रे किंवा ही विकतची एनडी, यातल्या कशातूनही सूर्याकडे बघू नये. डोळ्याला दिसत नाही ते किरण यातून आरपार येतात. आम्ही वाचलो ते नशिबानं.) त्या सरकवण्याची आठवण बोटांत कुठंतरी राहिली असावी. दुकानात पहिल्यांदा ती काच हातात घेतली तेव्हा, कुणी न शिकवता, मी तिची कड हलक्या हातानं फिरवत थांबायची जागा शोधायला लागलो.

या काचेत काजळी नसते. काळेपणाही फारसा नसतो. हातात घेऊन बघितली तर नुसती गॉगलसारखी राखाडी. तिच्यात दोन काचा असतात आणि प्रत्येकीत एक ध्रुवक पापुद्रा. उजेड उभा, आडवा, तिरका, सगळ्या दिशांनी थरथरत येतो. असा पापुद्रा त्यातली एकाच दिशेची थरथर पुढे सोडतो. दुसरी काच पहिलीला समांतर असेल तर सुटलेलं सगळं तिच्यातूनही जातं, काटकोनात असेल तर जवळजवळ काहीच जात नाही. या दोहोंच्या मधे कितीही. मधलं गणित एटिएन लुई मालुस या फ्रेंच इंजिनिअरच्या नावावर आहे. पहिल्या काचेतून आलेल्या उजेडातला पंचेचाळीस अंशांवर अर्धा उरतो, साठावर पाव, आणि ऐंशीवर शंभरातले तीनच भाग. म्हणून ही कड फिरवताना सुरुवातीला बराच वेळ काही घडतच नाही असं वाटतं, आणि शेवटी केसभर हललं तरी अंधार अंगावर येतो. स्वस्त काचेच्या कडेवर 'मिन' ते 'मॅक्स' अशा समान अंतरावर आखलेल्या रेघा असतात. त्या रेघांवर विश्वास ठेवू नये.

मालुस नेपोलियनच्या इजिप्तच्या मोहिमेत होता. म्हणजे ऊन त्यानंही पुष्कळ पाहिलं असणार. पण त्याचा शोध लागला पॅरिसमधल्या एका संध्याकाळी, 1808 साली. समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या तावदानांवर मावळतीचं ऊन पडलं होतं आणि तो ते एका स्फटिकातून बघत होता. स्फटिक हातात फिरवला तेव्हा त्यातून दिसणाऱ्या दोन प्रतिमांपैकी कधी एक मंद होई, कधी दुसरी. तो स्फटिक म्हणजे आइसलँड स्पार, अर्थात आरपार दिसणारा कॅल्साइट. हे वाचलं तेव्हा मला अजिंठ्याचे दगडवाले आठवले. फर्दापूरच्या तिठ्यापासून ते मागे लागतात. रुमालाची घडी उलगडतात आणि आत शुभ्र, गुलाबी, हिरवट चमकणारे खडे. दख्खनच्या काळ्या पत्थरात लाव्हा थिजताना ज्या पोकळ्या राहिल्या त्यांत हे साचले. आमच्याकडे विहीर खणताना सुरुंग उडवला की कधीकधी अख्खा गाभारा उजळून निघतो. त्या रुमालातल्या गर्दीत एखादा तिरक्या चौकोनाचा, फारसा देखणा नसलेला खडा कॅल्साइटचा असतो. तो छापील ओळीवर ठेवा, एकीच्या दोन ओळी होतात. दगडवाला मात्र तो दाखवत नाही. त्याला जांभळा खपवायचा असतो.

आणि तिथंच, लेण्यांच्या वर, कड्याला लटकलेली आग्या मोहोळं. अजिंठ्याला त्यांचं भय खरं आहे. उठली तर पर्यटकांची पळता भुई थोडी होते. आभाळातल्या उजेडाच्या थरथरीची दिशा मधमाश्यांना नुसत्या डोळ्यांनी कळते, सूर्य ढगाआड असला तरी निळ्या आभाळाच्या एका तुकड्यावरून त्या वाट काढतात. हे कार्ल फॉन फ्रिश यांनी दाखवलं, त्यांना 1973 साली नोबेल मिळालं. वाघूर नदीच्या त्या नालेच्या आकाराच्या वळणावर उभं राहून मी पैसे मोजून घेतलेली काच फिरवत असतो, आणि डोक्यावरची मोहोळं ती जन्मतःच डोळ्यात घालून आलेली असतात. मी कॅमेरा हळूच खाली करतो. अर्थात त्यात आदर किती आणि भीती किती हे सांगता येणार नाही.

माझ्या काचेला जाणकार लोक दोष देतात. ती नुसता उजेड कमी करत नाही, प्रतिबिंबांशीही खेळते. रुंद भिंगातून आभाळ घेतलं तर मधोमध निळ्याचा एक गडद डाग पडतो. रंग थोडे पिवळट होतात. हे सगळं खरं आहे. पण पाणचक्कीच्या हौदाशी एकदा ही काच घेऊन बसावं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशेजारी, अठराव्या शतकात बांधलेली ही जागा. डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेलं पाणी भिंतीवरून हौदात पडतं आणि त्याच पाण्याच्या जोरावर पूर्वी फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी दळण होई. वडाची सावली, कबुतरं, भेळेचे कागद, नळाखाली हात धरणारी पोरं. हौदाच्या कठड्याशी वाकून कड फिरवायची. एका टोकाला पाण्यावर नुसतं आभाळ. थोडं फिरवलं की आभाळ पुसलं जातं आणि शेवाळी तळातून मासे वर येतात. आणखी फिरवलं की मासे आणि आभाळ दोन्ही काळवंडतात. उजेड कमी करायला घेतलेली वस्तू, पण तिच्याबरोबर काय दिसावं आणि काय लपावं तेही बदलत जातं. दोन्हींसाठी वेगळ्या कड्या असत्या तर काम सोपं झालं असतं. कदाचित इतका वेळ मी तिथं बसलोही नसतो.

तिची एक हद्दही आहे. साधारण आठ स्टॉपपर्यंत, म्हणजे आठदा निम्मा होत अडीचशेतला एक भाग उजेड उरेपर्यंत, ती इमानानं चालते. त्यापुढे हाव धरली की चित्रावर एक भलीमोठी फुली उमटते. तिरके येणारे किरण दोन्ही पापुद्र्यांना वेगवेगळ्या कोनांतून भेटतात, म्हणून कोपऱ्यांत आणि मधे अंधार सारखा पडत नाही, आणि काळ्या पट्ट्यांची ती फुली आभाळभर पसरते. भिंग जितकं रुंद तितकी ती लवकर येते. शिक्षकांच्या लाल पेनाची होती तशीच असते, फक्त काळी.

ही हद्द मला सगळ्यात स्पष्ट कळली ती मकबऱ्यात. बीबी का मकबरा 1660 च्या सुमाराचा. दिलरास बानू बेगमच्या स्मरणार्थ मुलगा आझम शाहनं उभा केल्याचं सांगतात. घुमटाला आणि खालच्या भागाला संगमरवर, बाकी चुन्याचा गिलावा. भर दुपारी दोन्ही सारखेच डोळे दिपवतात. रविवारी तिथं अख्खा जिल्हा लोटतो. सहलीच्या शाळा, नवी जोडपी, टोप्यांचे विक्रेते, कोरड्या पाटाच्या कडेनं धावणारी पोरं आणि त्यांच्यामागे धावणाऱ्या आया. फोटो काढणारे चडफडतात: रिकामा मकबरा मिळतच नाही. त्यावर तोडगा असतो. दहा स्टॉपची सरळ, न फिरणारी काळी काच लावायची, संध्याकाळकडे जायचं, पडदा अर्धा मिनिट उघडा ठेवायचा. जो हलला तो चित्रात उरत नाही. सगळी गर्दी तिकीट काढून आत आलेली, आणि चित्रात चिटपाखरू नाही. पॅरिसमधल्या रस्त्याचं दागेरनं 1838 साली काढलेलं चित्र प्रसिद्ध आहे. गजबजलेला रस्ता आणि त्यात दिसणारा माणूस म्हणजे बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला तेवढा. तेव्हा ते नाइलाजानं झालं होतं. आता आपण पैसे देऊन करतो.

नाइलाजाची ती गोष्ट आपल्याकडेही घडून गेली. रॉबर्ट गिल हा कंपनीच्या फौजेतला अधिकारी 1844 पासून अजिंठ्याची चित्रं उतरवून घेत तिथं राहिला. त्याच्या बऱ्याचशा प्रती 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मधल्या काळात तो कॅमेऱ्याकडे वळला होता आणि अजिंठा-वेरूळची त्याची छायाचित्रं 1864 साली पुस्तकरूपानं निघाली होती. त्या काळच्या, चित्र उमटवायच्या ओल्या काचा इतक्या संथ की वाऱ्यानं हललेलं पान, वाहतं पाणी, कंटाळून मान वळवलेला मदतनीस, सगळं पुसट व्हायचं. त्याला ही काळी काच लागली नसती. त्याच्या काचाच सोशिक होत्या. पुढे दोन-तीन दशकांत, निजामाच्या राज्यात हिंडून लाला दीनदयाळ यांनी मकबरा टिपला तोवर काचा चपळ झाल्या होत्या. तेव्हापासून कॅमेरे वेगवानच होत आले. आणि आता तो गमावलेला मंदपणा आम्ही खोक्यात घालून, कापडी पाऊचसह, विकत आणतो.

तर मकबरा. संरक्षित वास्तूत ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. म्हणून मी ज्वारीनं भरलेली एक छोटी पिशवी नेतो, कठड्यावर ठेवतो आणि तिच्यावर कॅमेरा टेकवतो. रखवालदार ती हातात घेऊन दाबून बघतो. "खिचडी?" त्याचा प्रश्न रास्त असतो. आणि माझी फिरती काच, भर उन्हात शेवटपर्यंत नेली तरी, जेमतेम अडीच सेकंद देते. अडीच सेकंदांत मकबरा रिकामा होत नाही. माणसं धूसर होतात, लांबतात, एकमेकांतून आरपार जातात, पण उरतात. धावणाऱ्या पोराचा नुसता शर्टाचा रंग उरतो. पाटाच्या कडेला दम खात बसलेली आजी मात्र अगदी रेखीव येते, नथीसकट. त्याहून जास्त मागितलं की फुली.

आधी मला हे उणं वाटे. मग ही चित्रं मी रिकाम्या चित्रांच्या शेजारी ठेवून बघायला लागलो, आणि रिकामी चित्रं मला खोटी वाटायला लागली. रविवारी दुपारी चार वाजता मकबऱ्यात कुणीच नाही, असं कधी झालंय का? एक बाई मुलाच्या आठवणीत राहिली म्हणून ही इमारत उभी आहे, आणि तिथं आलेल्या आयांना आणि पोरांना मी काच लावून हाकलून द्यायचं.

पाण्याच्या बाबतीत हा प्रश्न आमच्याकडे आणखी टोचतो. एनडीचं कुठलंही माहितीपत्रक उघडा, त्यावर धबधबा असतो. रेशमी, दुधाळ, वाहायचं विसरलेलं पाणी. ही काच मुळी त्यासाठीच बनली असावी असं वाटतं. पण ती घेऊन जाणार कुठे? वेरूळला एकोणतीस क्रमांकाच्या लेण्याजवळ सीतेच्या न्हाणीत येळगंगा उडी घेते, अजिंठ्याला सप्तकुंडात वाघूर कोसळते, पण पाऊस चांगला झाला तर, आणि झाला तेवढे दिवस. दिवाळीनंतर तिथं ओल्या दगडावरचे काळे ओघळ तेवढे उरतात. ज्या शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणं हे काही वसाहतींत नशीब समजतात, जिथं पाण्याच्या दिवशी पाहुण्यांना येऊ नका म्हणून फोन जातो, मराठवाड्यातल्याच लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी पोचवावं लागलं, तिथल्या माणसानं पाण्याचं धुकं का करावं?

हे मी शिकलो ते पैठणला. तिथल्या जायकवाडीची पायाभरणी 1965 ची, लाल बहादूर शास्त्रींच्या हातची. 1976 ला धरण पुरं झालं. सत्तावीस दरवाजे. नाशिककडे पाऊस झोडपतो, वरची धरणं भरतात आणि मग कधीतरी भाद्रपदाच्या आगेमागे बातमी येते की दरवाजे उघडले. मग जत्राच. टेम्पो, ट्रॅक्टर, मोटारसायकलवर चौघंचौघं. कणसं भाजणारे, भजीचे गाडे, गोदावरीची ओटी भरायला खण-नारळ घेऊन आलेल्या बाया. आवाज आधी ऐकू येतो, मग अंगावर तुषार, मग ते दिसतं. त्या वर्षी मी गर्दीतून वाट काढत एक उंचवटा गाठला, आभाळ भरून आलं होतं, काच जवळजवळ शेवटापर्यंत फिरवली आणि काही सेकंदांचं एक चित्र घेतलं. शेजारी एक शेतकरी उभे होते. धोतर, टोपी, खांद्यावर घोंगडी, पायात चिखल.

"काय निघालं? दाखवा बरं."

मी स्क्रीन त्यांच्याकडे केला. त्यांनी हाताचा आडोसा धरून नीट पाहिलं. मग धरणाकडे पाहिलं. मग पुन्हा स्क्रीनकडे.

"हा तर कापूस दिसू राहिला भाऊ. पाणी कुठंय याच्यात?"

सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. काळाबद्दल, ओघाबद्दल. मी काच अर्धी मागे फिरवली, मग आणखी थोडी. अर्ध्या सेकंदावर आलो. अर्ध्या सेकंदात पाणी धावल्याचं कळतं आणि तरीही त्याच्या धारा वेगळ्या राहतात. जिथं ते आपटतं तिथं उसळी दिसते, उसळीच्या टोकाला थेंब. त्यांनी तेही पाहिलं, मान हलवली, आणि विचारलं, "आवाज नाही येत का याच्यात?" मग ते पाण्याकडे पाठ करून उभे राहिले, टोपी सरळ केली, म्हणाले, आता माझा काढा, पोराला पाठवायचाय, तो पुण्यात असतो, त्याला पटत नाही की धरण भरलं.

न फिरणाऱ्या काचेचं एकच उत्तर असतं. सहा स्टॉपची सहाच, दहाची दहाच. तुम्ही तिच्यापुढं नमायचं. फिरणारी काच घासाघीस करू देते. अर्धा सेकंद, पाव सेकंद, आठवा भाग: या पट्ट्यात मी आता जास्त करून रेंगाळतो. इथं माणूस ओळखू येतो पण थांबलेला नसतो. पाणी मोजता येत नाही पण पाणीच असतं. स्पर्धांना ही चित्रं चालत नाहीत. तिथं एकतर हवेत गोठलेला थेंब लागतो, नाहीतर धुकं. अधलंमधलं पाहिलं की परीक्षकांना वाटतं याचा हात हलला. हललाही असेल, ज्वारीच्या पिशवीचा काय भरवसा.

माझ्या भाच्याला हे सगळं जुनाट वाटतं. त्याच्या फोनमध्ये काच-बीच काही नाही. तो दोन-तीन सेकंद हलतं चित्र घेतो आणि फोन त्यातल्या चौकटी एकमेकींत मिसळून पाणी रेशमी करून देतो. महागड्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत आता काच आतच बसवलेली येते, विजेच्या इशाऱ्यावर गडद-फिकी होणारी. कड फिरवायला नको, फुली नको, रंग पिवळा नको. "मामा, नंतर ठरवता येतं ना किती ब्लर हवं ते," तो म्हणतो. मला नंतर ठरवायचं नसतं. पाणी समोर असताना, तुषार काचेवर उडत असताना, मागून कुणीतरी सरका म्हणत असताना ठरवायचं असतं. हे त्याला पटलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याची काही चित्रं माझ्यापेक्षा बरी येतात.

या वर्षीचे दरवाजे बंद झाले. आता वर्षातले पुढचे आठ-नऊ महिने पाण्याच्या नावानं शंख, आणि काच तर हातात आहे. म्हणून मी वाऱ्याकडे वळलोय. पैठणचे ते शेतकरी अधूनमधून फोन करतात. त्यांची ज्वारी चांगली वाढलीय, पौषात हुरड्याला या म्हणतात. ज्वारीचं उभं रान वाऱ्यात एका अंगानं वाकत जातं आणि मग मागं येतं, त्याला वेळ किती लागतो ते मला बघायचंय. एक सेकंद धरला तर ताटं पुसली जातील असा माझा अंदाज. पाव सेकंद धरला तर कणसं तेवढी हलतील. ते म्हणतात सकाळी लवकर या, तेव्हा हुरडा गोड लागतो आणि वाराही असतो. मी म्हणतो दुपारी येतो, ऊन हवं. दुपारी येऊन काय करता, ते म्हणतात, दुपारी तर नुसता उजेड.